माता, शिक्षिका आणि सहधर्मिणी : आशादेवी आर्यनायकम

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर प्रथम महात्माजी उभे राहतात, मागोमाग विनोबाजी आणि जमनालालजी बजाज. हे साहजिकच आहे. परंतु याच जिल्ह्यात, वर्धा शहरापासून अवघ्या आठ किलोमीटरवर असलेल्या सेवाग्रामात, एका विदुषी मातेने आपल्या आयुष्याचा सारा उत्तरार्ध खेड्यातील मुलांना शिकविण्यात घालविला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्यांचे नाव आशादेवी आर्यनायकम. वाचकहो, आपल्या शैक्षणिक संस्थेच्या स्मरणिकेत या बाईंची ओळख करून द्यावी असे मला वाटले, त्याला एक कारण आहे. त्यांच्या कामाचा धागा आपल्या समाजाच्या शिक्षणाच्या इतिहासाशी आपण समजतो त्यापेक्षा फार जवळून जोडलेला आहे.

ज्यांनी बी.एड. किंवा डी.एड. केले आहे त्यांना ‘वर्धा शिक्षण योजना’ ही टीप पाठ असते. परीक्षेत पाच गुणांना विचारतात. चार मुद्दे लिहिले की गुण पदरात पडतात. त्या टिपेत डॉ. झाकिर हुसेन समितीचा उल्लेख हमखास असतो. समितीच्या सभासदांची यादी मात्र सहसा कोणी वाचीत नाही. ती वाचली तर दिसेल की विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, प्रा. के. टी. शाह, ख्वाजा गुलाम सय्यदैन अशा थोरामोठ्यांच्या पंक्तीत एकच स्त्री आहे. ती म्हणजे आशादेवी.

आणि ‘नई तालीम’ हे नाव पाहा. वर्गात हा शब्द उच्चारला की मुले हसतात, कारण मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, नाहीतर नाटकाची तालीम. आपल्या घरातल्या मुलांना मात्र तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. आपल्या घरी तालीम म्हणजे शिक्षणच. हिंदुस्थानभरच्या खेड्यांतील शिक्षणासाठी जी संस्था सेवाग्रामात उभी राहिली तिचे नाव ‘हिंदुस्तानी तालीमी संघ’ असे ठेवले गेले, हे आपण विसरता कामा नये.

आशादेवींचा जन्म १९०१ साली लाहोरात झाला. कुटुंब बंगाली, वडील फणिभूषण अधिकारी हे प्राध्यापक, आईचे नाव सरजूबाला देवी. बालपण प्रथम लाहोरात व नंतर बनारसला गेले. येथे मुलींच्या पालकांनी क्षणभर थांबावे. आशादेवी एम.ए. झाल्या त्या बहुतांशी घरी अभ्यास करून. मुलीला दूरच्या कॉलेजात पाठवायचे की नाही, यावर आपल्याकडे आजही घरोघरी खल चालतो आणि पुष्कळदा त्या खलातच मुलीचे वय निघून जाते. अधिकारी कुटुंबाने निराळा मार्ग काढला. घराच्या भिंती मुलीच्या शिक्षणाच्या आड येऊ न देता त्या भिंतींच्या आतच त्यांनी विद्यापीठाची सर्वोच्च पदवी गाठण्याइतका अभ्यास करून घेतला. सर्वांना हे जमेल असे मी म्हणत नाही, कारण ज्या घरात बाप प्राध्यापक आहे त्या घराची गोष्ट वेगळी. पण निदान सबब म्हणून भिंतीकडे बोट दाखविण्याचे कारण उरत नाही.

पदवी मिळाल्यावर त्यांनी बनारसच्या महिला महाविद्यालयात अध्यापन केले. पुढे रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांना शांतिनिकेतनात बोलावून घेतले, ते तेथील मुलींची देखभाल पाहण्यासाठी. अधिकारी कुटुंबाचा आणि कवींचा स्नेह जुना होता; आशादेवींची धाकटी बहीण राणू, जी पुढे लेडी राणू मुखर्जी म्हणून कलाक्षेत्रात प्रसिद्ध झाली, तिला कवींनी लिहिलेली पत्रे बंगाली वाचकांना सुपरिचित आहेत. वसतिगृहातील मुलींची देखभाल म्हणजे काय, हे ज्यांनी वसतिगृह चालविले आहे त्यांनाच कळेल. पुस्तक शिकविणे हा त्यातील सर्वांत सोपा भाग. आजारी मुलीच्या उशाशी बसणे, घरच्या आठवणीने रडणारीला समजावणे, भांडणे मिटविणे आणि हे सगळे करून सकाळी पुन्हा वर्गावर हजर राहणे, हे काम अर्धे शिक्षिकेचे आणि अर्धे आईचे. आशादेवी स्वतः आई होण्यापूर्वीच हे काम शिकल्या.

शांतिनिकेतनातच त्यांची एडवर्ड विल्यम्स आर्यनायकम यांच्याशी ओळख झाली. हे गृहस्थ सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे तमिळ ख्रिस्ती. कवींचे ते खाजगी सचिव होते आणि १९३० साली रवींद्रनाथ रशियाला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर होते. आशादेवींनी त्यांच्याशी विवाह केला. वधू बंगाली हिंदू, वर सिलोनी ख्रिस्ती. त्या काळात असा विवाह करणे सोपे नव्हते, आजही नाही. या दांपत्याला दोन अपत्ये झाली. गांधीजींच्या विचारांची ओढ लागून दोघे वर्ध्यास आले आणि प्रथम मारवाडी विद्यालयात, म्हणजेच पुढील नवभारत विद्यालयात काम करू लागले.

आता १९३७ सालाकडे या. त्या वर्षीच्या २२ व २३ ऑक्टोबरला वर्ध्यात याच विद्यालयाच्या निमित्ताने राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष खुद्द गांधीजी. जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन तेथे आले होते आणि त्यांनी गांधीजींच्या समोरच आपली शंका मांडली. हस्तव्यवसायातून शिक्षण ही कल्पना शिक्षणशास्त्राला अगदीच नवी नाही, आणि शाळेने आपला खर्च आपणच भागवावा असा हट्ट धरला तर मुलांकडून मजुरी करून घेण्याचा धोका संभवतो, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. ज्याने परिषदेत शंका काढली त्यालाच गांधीजींनी समितीचा अध्यक्ष केले. आर्यनायकम समितीचे निमंत्रक झाले आणि आशादेवी सभासद. समितीने आपला अहवाल २ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत सादर केला! आजच्या समित्यांचा वेग पाहता हे नमूद करावेसे वाटते.

त्या अहवालात काय होते? सात ते चौदा या वयाच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून शिक्षण, आणि एखाद्या मूलोद्योगाच्या भोवती सर्व विषयांची गुंफण. वेळापत्रकच पाहा ना. दिवसाचे साडेपाच तास. त्यांपैकी मूलोद्योगाला तीन तास वीस मिनिटे, संगीत, चित्रकला व गणित मिळून चाळीस मिनिटे, मातृभाषेला चाळीस, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान यांना तीस, शारीरिक शिक्षणाला दहा आणि सुट्टी दहा मिनिटे. वर्षाचे कामाचे दिवस २८८. हिंदुस्थानी भाषा शिकवावयाची ती नागरी व उर्दू अशा दोन्ही लिप्यांतून.

मूलोद्योगाभोवती विषय कसे गुंफतात, ते विद्यार्थ्यांसाठी थोडे सांगतो. आपल्या जिल्ह्यात कापूस पिकतो. मुलाने टकळीवर सूत काढले. चार फुटांचा एक तार आणि ६४० तारांची एक गुंडी. मग एका गुंडीत किती फूट सूत झाले? करा हिशेब, २,५६० फूट. येथे गुणाकार आला. कापूस कोणत्या जमिनीत येतो, हे पाहताना भूगोल आला. आपला कापूस बोटीने विलायतेला जाऊन कापड होऊन परत का येत होता, हे विचारले की इतिहास आला. फळ्यावर लिहून दिलेला गुणाकार मुले दुसऱ्या दिवशी विसरतात. स्वतः मोजलेले सूत इतक्या सहजी विसरत नाहीत, एवढे माझा वर्गातला अनुभव सांगतो.

परंतु पालकांनो, तुमच्या मनात येथे जो प्रश्न उभा राहिला असेल तो मला माहीत आहे. आपल्यातील कितीतरी कुटुंबांचा पिढीजात धंदा कापूस पिंजण्याचा किंवा विणकामाचा. ज्याच्या आजोबाची हयात धनुकली वाजविण्यात गेली त्याने आपल्या मुलाला शाळेत घालायचे ते पुन्हा पिंजण हातात देण्यासाठी काय? ही शंका खोटी नाही. ज्याला दुसरा मार्गच मिळाला नाही त्याला श्रमाचे गोडवे ऐकविणे फार सोपे असते. म्हणूनच झाकिर हुसेन साहेबांच्या अहवालाने बजावून ठेवले होते की मुलाला कारागीर बनविणे हा या शिक्षणाचा हेतू नव्हे. हाताच्या कामातून त्याच्या बुद्धीला चालना देणे हा हेतू आहे. आणि या पद्धतीत एक गोष्ट अशी होती की जी माझ्या मते फार मोलाची. सेवाग्रामच्या शाळेत झाडू आणि टकळी कोणा एका जातीच्या मुलाच्या हातात नव्हती, सर्वांच्या हातात होती. बनारसची एम.ए. झालेली बाई आणि शेगावच्या मजुराचे पोर एकाच अंगणात बसून सूत कातीत. पिंजाऱ्याच्या कामाला त्या अंगणात जो मान होता तो बाजारात कधीच मिळाला नाही.

दुसरी गोष्टही लपवू नये. मध्यप्रांत-वऱ्हाडात याच सुमारास सरकारने ‘विद्यामंदिर’ नावाच्या शाळांची योजना आणली. मंदिर या नावावरून आपल्या समाजात मोठी नाराजी पसरली आणि १९३८ च्या पीरपूर अहवालाने वर्धा योजनेवरही टीकेची झोड उठविली. आपल्या आजोबा-पणजोबांच्या मनात जी अढी बसली ती तेव्हाची. नावाबद्दलची तक्रार समजण्याजोगी होती, असे मला वाटते. पण ज्या योजनेचा अहवाल जामियाच्या प्रमुखाने आणि अलीगढच्या ट्रेनिंग कॉलेजातील सय्यदैन साहेबांनी घडविला, ती पुरती न वाचताच आपण दूर सारली. त्या वादंगात आपण एक चांगली शिक्षिका ओळखायचे राहून गेलो.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने योजनेला मान्यता दिली आणि एप्रिलमध्ये हिंदुस्तानी तालीमी संघाची स्थापना झाली. अध्यक्ष झाकिर हुसेन, मंत्री आर्यनायकम. कागदोपत्री पत्नीचे नाव पतीच्या मागे असावयाचे, तसे ते येथेही होते. पण सेवाग्रामच्या त्या आवारात कोणी आले तर त्याला दिसत असे ते दोघांचे मिळून एक काम. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून शिक्षक प्रशिक्षणासाठी येत, त्यांची व्यवस्था, मुलांची शाळा, बालवर्ग, स्वयंपाकघर, भाजीचे वाफे, संध्याकाळची प्रार्थना, हा सारा प्रपंच होता. मुले सभा भरवून आपल्यातूनच मंत्री निवडीत. कोणाकडे सफाई, कोणाकडे अन्न, कोणाकडे आरोग्य. अन्नमंत्र्याने डाळ-तांदळाचा हिशेब चुकविला तर सर्वांसमोर उत्तर द्यावे लागे. शांतिनिकेतनातून देवीप्रसाद हे चित्रकार १९४४ साली येऊन मिळाले, त्यामुळे सूत आणि झाडू यांच्या जोडीला रंग आणि रेषा आल्या. इंग्लंडच्या मार्जोरी साइक्सबाईही पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी येथे राहिल्या. लहान मुलांच्या बालवाडीचे काम शांता नारुळकर यांनी वाढविले. रवींद्रनाथांच्या घरातील संगीत आणि गांधीजींच्या अंगणातील झाडू या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी नांदविणे ही आशादेवींची खरी कमाई, असे माझे मत आहे.

सेवाग्रामच्या वास्तव्यातच या दांपत्यावर फार मोठा आघात झाला. त्यांचा लहानगा मुलगा मृत्यू पावला. सेवाग्राम तेव्हा सुखाची जागा नव्हती. दमट पावसाळा, हिवताप, डांबरी रस्ता नाही. गांधीजी तेथे १९३६ साली राहावयास आले तेव्हा त्या गावाचे नाव शेगाव होते, ते १९४० साली सेवाग्राम झाले. नाव बदलले तरी चिखल तोच राहिला. शांतिनिकेतनातील किंवा बनारसमधील बरे घर सोडून ज्या गावी आपण मुलांना घेऊन आलो त्याच गावी मूल गमावणे, याची कल्पना आईबापांनीच करावी. अशा वेळी गाव सोडून जाणाऱ्या आईला कोणी दोष दिला नसता. आशादेवी गेल्या नाहीत. शाळेतील इतर बायांची मुले रोज सकाळी अंगणात येतच होती. ती पाहणे त्यांना किती जड गेले असेल, हे लिहिण्याचा अधिकार मला नाही. एवढेच दिसते की त्यापुढेही अनेक वर्षे त्यांचे काम लहान मुलांमध्येच राहिले.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना अटक झाली आणि धरपकडीचा फटका सेवाग्रामलाही बसला. मोठी माणसे तुरुंगात असताना मुलांची शाळा चालू ठेवणे हे काम वर्तमानपत्रांत छापून येण्याजोगे नसते. पण ते कोणाला तरी करावे लागते. सुटून आल्यावर गांधीजींनी आपली शिक्षणाची कल्पना आणखी विस्तारली. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला भरलेल्या परिषदेत नई तालीम ही केवळ सात ते चौदा वर्षांची शाळा न राहता जन्मापासून मरणापर्यंतच्या जीवनाचे शिक्षण झाली. पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण असे तिचे चार टप्पे ठरले. यातील पहिल्या टप्प्याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. मूल शाळेत येण्यापूर्वीच, आईच्या मांडीवर आणि त्याच्याही आधी आईच्या आरोग्यापासून त्याचे शिक्षण सुरू होते, हे येथे मान्य झाले. म्हणजे गावातील आई शिकली पाहिजे, तिचे पाणी स्वच्छ पाहिजे, तिचे बाळंतपण नीट झाले पाहिजे. ज्या बाईने मुलींचे वसतिगृह सांभाळले, स्वतःची मुले वाढविली आणि त्यांतील एक गमावले, तिच्या दृष्टीने आई आणि शिक्षिका ही दोन निराळी माणसे नव्हतीच.

फाळणी झाली तेव्हा आशादेवींची जन्मभूमी लाहोर परक्या देशात गेली. दिल्लीजवळ फरिदाबादला सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांची नवी वसाहत उभी राहू लागली. तेथील मुलांच्या शिक्षणाच्या कामात तालीमी संघाने हात दिला आणि हे पती-पत्नी त्यात होते. ज्यांचे घर जळाले, नातेवाईक गेले, अशा मुलांपुढे पाटी-पुस्तक ठेवून काय होणार? त्यांच्या हातांना काहीतरी घडविण्याचे काम देणे हेच त्यांच्यावरचे पहिले औषध होते.

पुढच्या काळाची हकीकत मात्र खेदाची आहे. सरकारने बुनियादी शाळांच्या पाट्या हजारोंनी लावल्या, पण कित्येक ठिकाणी टकळ्या कपाटात बंद आणि मास्तर पूर्वीचेच धडे घोकून घेत, असा प्रकार झाला. शहरातल्या मुलांना इंग्रजी शाळा आणि खेड्यातल्यांना बुनियादी, अशी विभागणी झाल्यावर खेड्यातील बापाला वाटले की ही आपल्या मुलाला खालीच ठेवण्याची युक्ती आहे. त्याचे काय चुकले? ज्यांनी ही योजना मंजूर केली त्यांनी आपली मुले त्या शाळांत घातली असती तर तिचे नशीब निराळे झाले असते. आशादेवी स्वतः मुलांसह त्याच गावात राहिल्या, हा त्यांच्यातील आणि पाट्या लावणाऱ्यांतील फरक. १९५९ साली तालीमी संघ सर्व सेवा संघात विलीन झाला.

आशादेवींना १९५४ साली पद्मश्री मिळाली; पद्म पुरस्कार सुरू झाले तेच ते वर्ष. विनोबाजींच्या शांतिसेनेच्या कामातही त्यांनी स्वतःला वाहून घेतले आणि त्या विषयावर लेखनही केले. शिक्षक या नात्याने गांधीजी कसे होते हे सांगणारे त्यांचे इंग्रजी पुस्तक, ‘द टीचर : गांधी’, जिज्ञासू विद्यार्थ्यांनी एखाद्या मोठ्या ग्रंथालयातून अवश्य मिळवावे. त्यांच्या समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन साहेब १९६७ साली देशाचे राष्ट्रपती झाले आणि पदावर असतानाच ३ मे १९६९ रोजी अल्लाला प्यारे झाले. दिल्लीत त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, महाविद्यालय आहे. आशादेवींच्या नावाचा रस्ता मी तरी कोठे पाहिलेला नाही.

सेवाग्रामच्या त्या आवारात मधली बरीच वर्षे शाळा नव्हती. २००५ साली नई तालीम समितीने तेथे ‘आनंद निकेतन’ ही मराठी माध्यमाची शाळा पुन्हा सुरू केली. आसपासच्या खेड्यांतील मुले तेथे येतात, भाजीचे वाफे करतात, सूत काततात, स्वयंपाक करतात आणि त्याचा हिशेब वहीत लिहितात. वर्ध्याहून तेथे जायला अर्धा तासही लागत नाही. पुढच्या वर्षी आपल्या शाळेची सहल ठरेल तेव्हा मुलांना बापूकुटीच्या दारावरूनच परत न आणता पलीकडच्या त्या अंगणातही न्यावे, आणि बरोबर त्यांच्या आयांनाही न्यावे, अशी सहल समितीला माझी विनंती आहे.